नादाचा तोल

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर शेंद्रा हें गांव लागतें. तेथें कारखान्यांची मोठी वसाहत आहे, आणि जवळच शेंद्रा कमंगर येथें चैत्रांत मांगीरबाबांची यात्रा भरते. त्या यात्रेंत ढोल-हलगीच्या साथीनें गायिलेलें एखादें गीत मुद्रित केलें, असें समजावें. त्या मुद्रणांत गायकाच्या कंठासोबत मोटारींची घरघर व विजेचा ५० हर्ट्झचा गुंजारवही येणारच. असें गीत संगणकावर सजवावयाचें तर कसें?

त्यासाठीं इक्वलायझर हें साधन असतें. ध्वनीचा खर्ज, मध्य किंवा तीव्र भाग वाढविणें वा उणा करणें, हें त्याचें काम. अमेरिकेंतील पल्स टेक्निक्स ह्या संस्थेनें १९५१ सालीं ‘पल्टेक’ नांवाचा इक्वलायझर तयार केला. त्यांत ध्वनि वेटोळीं व संधारक यांच्या जाळ्यांतून जातांना क्षीण होतो, आणि निर्वात नळ्यांचा वर्धक त्यास पूर्ववत् करतो. आज ह्याच यंत्राच्या गणिती प्रतिकृति ‘प्लगइन’ म्हणून घरच्या संगणकावर चालतात.

पल्टेकची ख्याति एका विलक्षण गुणामुळें झाली. खर्ज वाढविण्याची व तो उणा करण्याची, अशा त्याच्या दोन कळा आहेत. दोन्ही एकदम फिरविल्या तरी त्या परस्परांस पूर्णपणें खोडीत नाहींत. खर्ज उचलला जातो, आणि त्याच्या किंचित वरचा गढूळ भाग दबतो. ढोलाचा घुमारा भरदार होऊनही गीत कोंडल्यासारखें वाटत नाहीं.

परंतु ६० हर्ट्झवर लावलेली कळ त्याखालचें सर्वच उचलते. ढोलाबरोबर गुंजारव व घरघरही वाढते. म्हणून आधीं तीं गाळावीं आणि मग सजावट करावी. शिवाय, मिश्रणाच्या वेळीं प्रत्येक वाद्य वेगळें हाताळतां येतें. मास्टरिंगच्या वेळीं, किंवा यात्रेंत एकाच मायक्रोफोननें मुद्रण केलें असतां, ढोलाला लावलेला हात गायकाच्या कंठालाही लागतो. तेथें एक-दोन डेसिबलही पुष्कळ होतात.

दुसरा धोका कानाचा. किंचित मोठा आवाज कानास नेहमींच अधिक गोड वाटतो, आणि पडद्यावरील जुन्या यंत्राचें चित्र त्या भ्रमांत भर घालतें. म्हणून फेरफारापूर्वींचा व नंतरचा आवाज समान पातळीवर आणून, डोळे मिटून तुलना करावी. फरक जाणवला नाहीं, तर कळ पूर्वस्थितीस न्यावी.

मूळ मुद्रण मात्र अबाधित ठेवावें. यात्रा दरवर्षीं भरते. तो गायक व तो कंठ पुन्हा मिळेलच असें नाहीं. सजविलेलें गीत ऐकून त्याच्या शेजाऱ्यानें त्याचा आवाज तत्काळ ओळखला, म्हणजे तोल साधला असें समजावें.