जनगणनेत सांगितलेले कुठे जाते?



सरकारने १६ जून २०२५ रोजी नव्या जनगणनेचा हुकूम काढला. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातली माणसे १ मार्च २०२७ ही तारीख धरून मोजायची आहेत. मागली जनगणना २०११ ची. तेव्हा आम्ही शिक्षक मंडळी वह्या घेऊन दारोदार फिरलो. घरोघर एकच प्रश्न यायचा. "मास्तर, हे सारं लिहून नेता, उद्या पोलिसांकडे तर जाणार नाही ना?" कुणाची सून परप्रांतातली, कुणाजवळ जन्माचा दाखला नाही. जन्म कुठे झाला, असे विचारले की चेहरा उतरायचा.

तर कायदा काय म्हणतो ते ऐका. जनगणनेचा कायदा १९४८ सालचा. त्याचे कलम १५ महत्त्वाचे. जनगणनेची वही पाहण्याचा हक्क कुणालाही नाही. एखाद्यावर 'हा परदेशी आहे' असा खटला झाला, तरी त्या वहीतली नोंद कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. मोजणाऱ्याने सरकारच्या परवानगीवाचून माहिती बाहेर फोडली, तर शिक्षा त्यालाच. मात्र आपणही खरे सांगायचे, हेही कायद्यातच आहे. एक गंमत सांगतो. रीतीप्रमाणे बाई नवऱ्याचे नाव घेत नसेल, तर तिच्यावर ते सांगण्याची सक्ती नाही, असेही त्यात लिहिले आहे!

पण इथे एक मेख आहे. २०१० साली घरांची यादी करताना आम्ही दोन कागद भरले. एक जनगणनेचा. दुसरा लोकसंख्या नोंदवहीचा. त्यात आईबापाची नावे, जन्मठिकाण, राष्ट्रीयत्व होते. मास्तर तोच, दार तेच, दिवसही तोच. लोकांना दोन्ही एकच वाटले. पण दुसरा कागद नागरिकत्वाच्या १९५५ च्या कायद्याखालचा, त्याच्या २००३ च्या नियमांप्रमाणे. १९४८ च्या कायद्याचे कुलूप त्याला नाही.

आणि कुलूप असले तरी ते उघडता येते. अमेरिकेतही शिरगणती गुप्त ठेवण्याचा कायदा होता. लढाईच्या धामधुमीत मार्च १९४२ मध्ये तो ढिला केला. कोणत्या वस्तीत जपानी वंशाचे लोक किती, हे शिरगणतीवरून लष्कराला कळले. सुमारे १,२०,००० माणसे छावण्यांत कोंडली. त्यांतले बहुतेक त्याच देशात जन्मलेले नागरिक होते. म्हणून भिणाऱ्या म्हातारीला हसू नये, असे आमचे मत आहे.

या वेळी वहीऐवजी मोबाईलवर नोंद आहे. दारी माणूस आला की आधी त्याचे ओळखपत्र मागा. आता तुम्हाला वाचता येते, ते वाचा. मग विचारा, "बाप्पा, हे १९४८ च्या जनगणना कायद्याखालचं आहे काय?" हो म्हणाला तर बिनघोर खरे सांगा. आणखी काही निराळे भरून घेत असेल, तर ते कोणत्या कायद्याखाली, हे विचारून घ्या, आणि मगच बोला.