मधुमेह्याची जखम

तंजावरचे नाव काढले की मराठी माणसाला दुसऱ्या सरफोजीराजांचे आणि सरस्वती महाल ग्रंथालयाचे स्मरण होते. इ. स. १७९८ ते १८३२ या त्यांच्या कारकिर्दीत धन्वंतरी महालात औषधांची पारख होत असे. त्या अनुभवांतून ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ ही तामिळ पद्यमाला सिद्ध झाली. तिचा एक भाग मधुमेहाच्या उपचारांना वाहिलेला आहे. मधुमेह्याचे व्रण कष्टाने भरतात, हे सुश्रुतसंहितेने त्याहूनही कितीतरी आधी नोंदविले होते. ते का, हे मात्र आधुनिक शास्त्राने उलगडले.

रक्तवाहिनीच्या आत पेशींचे तलम अस्तर असते. ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू निर्माण करते. त्यायोगे वाहिनी सैलावते आणि रक्त सुखाने वाहते. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली, की हा वायू उणा पडतो. साखर भिंतीतील प्रथिनांना चिकटते, भिंत ताठर होते; मोठ्या वाहिन्यांत मेदाचे थर साचून वाट अरुंद होते. जखम भरायची तर तिथे प्राणवायू पोचला पाहिजे, जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी आल्या पाहिजेत, नव्या केशवाहिन्या फुटल्या पाहिजेत. रसदच तुटली, तर गड लढणार कसा?

त्यातच पुष्कळांच्या पायांचे मज्जातंतू बधिर होतात. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातील दगडी फरसबंदी दुपारी चांगलीच तापते. निरोगी माणूस चटका बसताच पाय उचलतो. ज्याच्या तळव्याची संवेदना गेली आहे, तो शांतपणे प्रदक्षिणा पुरी करतो. फोड दिसतो तो संध्याकाळी, आणि कधी दिसतच नाही. मग त्यात जंतू शिरतात, आणि बोट किंवा पाऊल कापण्यापर्यंत पाळी येते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. त्यांच्यासाठी उपाय साधे आहेत. रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. वाकवत नसेल तर आरसा धरावा किंवा घरच्यांना पाहावयास सांगावे. अनवाणी चालू नये. देवदर्शनास सकाळच्या गारव्यात जावे. तंबाखू सोडावी. गेल्या तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी वेळोवेळी करावी. आणि पायाला जखम दिसली, तर ती दुखत नाही म्हणून थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.