जिन्यावरची पाटी



या व्याख्यानमालेत आजवर वेदान्तापासून अर्थसंकल्पापर्यंत पुष्कळ थोर विषय होऊन गेले. त्या मानाने आजचा विषय अगदी जिन्याखालचा आहे. ज्या इमारतीत आपण राहतो, तीत आगीपासून अगर पडझडीपासून बचाव व्हावा म्हणून काही सुधारणा झाली, तर ती तेथील रहिवाशांस कळते काय, आणि कळल्यावर त्यांनी काय करावयाचे असते, एवढाच प्रश्न आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत.

पूर्वी आपण वाड्यात राहत होतो. वाड्याला धोके पुष्कळ होते. लाकूड होते, चुली होत्या, जुन्या भिंती होत्या. पण दिंडी कोठे आणि परसदार कोठे हे पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असे. आता वाड्यांच्या जागी सात-सात, अकरा-अकरा मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि लिफ्टने ये-जा करणाऱ्या कित्येक कुटुंबांना आपला जिना तळाशी कोणत्या बाजूला उतरतो हे सांगता येत नाही. वाड्याचे ज्ञान अंगवळणी पडत असे. इमारतीचे ज्ञान कोणीतरी सांगावे लागते, आणि ते सांगण्याचे काम नक्की कोणाचे, हे आपल्याकडे ठरलेले नाही. आमचे म्हणणे असे की हे सांगणे म्हणजे काही सौजन्य नव्हे. पाण्याची टाकी, पंप, होज-रील ही जशी इमारतीची सुरक्षा-सामग्री, तशीच रहिवाशांस असलेली माहिती हीदेखील सामग्रीच आहे.

यासाठी लंडनमधील एका इमारतीची हकीकत थोडी विस्ताराने सांगावी लागेल. आगी आपल्याकडेही लागतात. मग लंडनला कशाला जावयाचे, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की त्या एका आगीची चौकशी सात वर्षे चालली आणि कोणास काय सांगितले होते, कोणास काय सांगितले नव्हते, हे सारे उघड दप्तरात आले. इतकी बारीक चौकशी आपल्याकडील आगीची सहसा होत नाही.

उत्तर केन्सिंग्टन भागात ग्रेनफेल टॉवर नावाची चोवीस मजली इमारत १९७४ साली बांधून पुरी झाली. मालकी तेथील नगरपरिषदेची, आणि राहणारे बहुतेक साधे, कष्टाचे लोक. साऱ्या इमारतीला जिना एकच. आग लागल्यास काय करावे याबद्दल सूचना होती ती अशी : आग तुमच्या घरात नसेल, तर तुम्ही घरातच दार लावून राहा. ऐकताना ही सूचना विचित्र वाटते, पण तिच्यामागे हिशेब होता. प्रत्येक घर म्हणजे काँक्रीटची एक पेटी. एका पेटीतली आग दुसरीत जाण्याआधी बंबवाले येऊन ती विझवणार, आणि सगळे रहिवासी एकदम जिन्यात आले तर त्या बंबवाल्यांना वर चढायलाच वाट उरणार नाही. इमारत मूळ स्वरूपात होती तोपर्यंत हा हिशेब बरोबर होता.

पुढे या इमारतीची सुधारणा करण्याचे ठरले आणि ते काम २०१६ साली पुरे झाले. नव्या खिडक्या आल्या, ऊब देणारी नवी व्यवस्था आली, खालच्या मजल्यांवर काही नवी घरे काढली, आणि बाहेरून सर्व इमारतीला एक नवे आच्छादन चढविले. ॲल्युमिनियमचे दोन पातळ पत्रे आणि त्यांच्यामध्ये पॉलिथिलीन, म्हणजे प्लॅस्टिकच, असे ते आच्छादन होते. काम चालू असता रहिवाशांस माहितीपत्रके वाटली जात होती, हे मुद्दाम लक्षात ठेवावे. माहिती द्यायचीच नाही असा कोणाचा बेत नव्हता. त्या पत्रकांतूनही आगीसंबंधीची सूचना जुनीच छापली जात होती : घरातच राहा. इमारत मात्र आता ती जुनी इमारत राहिली नव्हती. काँक्रीटच्या पेट्यांभोवती जळणारा अंगरखा घातला गेला होता.

१४ जून २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर, एक वाजायला सहा मिनिटे असताना, चौथ्या मजल्यावरील एका घरातून आगीची वर्दी गेली. आग शीतकपाटापाशी लागली होती. एरवी एका स्वयंपाकघरात आटोपली असती अशी. ती खिडकीतून आच्छादनाला लागली आणि दीड वाजण्याच्या आत इमारतीच्या माथ्याला पोहोचली. दूरध्वनीवर मदत मागणाऱ्यांना मात्र घरातच राहा असे सांगितले जात होते. ही सूचना औपचारिकपणे मागे घेतली गेली ती २ वाजून ४७ मिनिटांनी. बहात्तर माणसे दगावली.

आणखी एक बारीक गोष्ट सांगतो. खालच्या भागात नवी घरे काढल्यामुळे मजल्यांचे क्रमांक बदलले होते, पण जिन्यात ते ठळक व नीट लावलेले नव्हते. धुरात वर चढणाऱ्या जवानांना आपण कितव्या मजल्यावर आहोत हे कळेना. प्रत्येक जिन्याच्या थाऱ्यावर मजल्याचा क्रमांक दिवसा आणि धुरातही वाचता येईल असा लावावा, ही शिफारस एका माजी न्यायमूर्तींना चौकशीच्या अहवालात करावी लागली. न्यायमूर्ती सर मार्टिन मूर-बिक यांचा तो पहिला अहवाल ३० ऑक्टोबर २०१९ रोजी आला, दुसरा ४ सप्टेंबर २०२४ रोजी. हजारो पानांच्या त्या दप्तरात आम्हांला सर्वांत खिन्न करणारी शिफारस ही जिन्यावरच्या पाटीची वाटते, कारण ती एक डबा रंग आणि एक दुपार यांत होण्यासारखी होती.

रहिवासी गप्प होते असेही नाही. त्यांच्यातील काहींनी नोव्हेंबर २०१६ मध्ये, म्हणजे आगीच्या सात महिने आधी, लिहून ठेवले होते की मोठा अनर्थ होऊन माणसे मेल्याशिवाय व्यवस्थापनाचे डोळे उघडणार नाहीत. म्हणजे वरून खाली पत्रके येत होती. खालून वर जाणाऱ्या तक्रारीला वाट नव्हती. आणि हे अगदी नवे होते असेही नाही. त्याच शहरात, कॅम्बरवेल येथे, ३ जुलै २००९ रोजी लेकनल हाउस या इमारतीला आग लागून सहाजण मेले, त्यांत तीन मुले. त्या घरांना सुटकेसाठी मागच्या बाजूने सज्जे होते. २०१३ साली चौकशी संपताना, रहिवाशांस आपल्या इमारतीतील सुटकेच्या सोयी समजावून द्याव्यात असे स्पष्ट बजावले गेले होते. सोय आहे, पण ती ज्याच्यासाठी आहे त्यालाच ठाऊक नाही, यासारखी उधळपट्टी नाही.

या साऱ्यातून आम्ही एक साधा नियम काढतो. जो इमारत बदलील, त्याने त्याच दिवशी सूचनाही बदलली पाहिजे. निदान जुनी सूचना अजून खरी आहे काय, हे तपासून पाहिले पाहिजे. सुधारणा झाली एवढे सांगून भागत नाही. सुधारणेमुळे उद्यापासून माझ्या वागण्यात काय फरक पडला पाहिजे, हे सांगावे लागते.

इंग्लंडने पुढे कायदे केले. २०२२ साली झालेले नियम २३ जानेवारी २०२३ पासून लागू झाले. त्यांप्रमाणे अशा इमारतींत रहिवाशांस आगीच्या वेळच्या सूचना द्याव्याच लागतात. दारे आपोआप मिटणारी का असतात, ती उघडी अडकवून का ठेवू नयेत, मोडल्यास कोणास कळवावे, हे नव्या रहिवाशास येताच आणि पुढे दरवर्षी सांगावे लागते. त्याच साली झालेल्या दुसऱ्या एका कायद्याने उंच इमारतींच्या जबाबदार व्यक्तीस रहिवाशांना विश्वासात घेण्याची लेखी योजना करावी लागते आणि त्यांच्या तक्रारींची नोंद घ्यावी लागते.

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडे कायदा नाही असा समज असेल तर तो चुकीचा आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम हा २००६ सालचा. त्याप्रमाणे मालकाने किंवा भोगवटादाराने आगीची यंत्रणा चालू स्थितीत ठेवावयाची, आणि ती तशी आहे असे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन अधिकाऱ्याकडे पाठवावयाचे. हा कागद कोठे जातो? सोसायटीच्या चिटणिसाच्या कपाटातून अधिकाऱ्याच्या कपाटात. मधल्या ज्या साठ कुटुंबांच्या जिवासाठी तो काढला, त्यांनी तो पाहिलेला नसतो. तो सूचनाफलकावर लावू नये असे कोणत्याही कायद्यात म्हटलेले नाही.

तीच गोष्ट बांधकामाच्या तपासणीची. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी सांगितली आहे. २५ जुलै २०१७ रोजी, म्हणजे ग्रेनफेलनंतर सहा आठवड्यांच्या आत, मुंबईत घाटकोपरला एक चार मजली इमारत कोसळून सतराजण मेले. तळमजल्यावर फेरबदलाचे काम चालू होते आणि खांबांना हात घातल्याचा आरोप झाला. आपल्या पायाखाली काय तोडले जात आहे, कोणाच्या परवानगीने, कोणत्या अभियंत्याच्या सल्ल्याने, हे वरच्या माणसाला विचारता येते काय, आणि विचारल्यास त्याला उत्तर कोणी देते काय? तळमजल्याचे काम ही तळमजल्याच्या मालकाची खाजगी बाब, असे आपण मानून चालतो. खांब मात्र चारही मजल्यांचा असतो.

सूचना लावल्याच जात नाहीत असे नाही. त्या लिहिल्या कशा जातात ते पाहा. नमुना असा : 'सर्व सन्माननीय सभासदांस कळविण्यात येते की इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणेच्या अद्ययावतीकरणाचे काम हाती घेण्यात येत असून सभासदांनी सहकार्य करावे, ही विनंती.' यातून कळले काय? काहीतरी होणार आहे आणि आपण कटकट करू नये, एवढेच. आता हीच सूचना अशी लिहिली तर : 'सोमवार ते शनिवार गच्चीवरील आगीची टाकी रिकामी राहील. या सहा दिवसांत जिन्यातील लाल नळाला पाणी नसेल. रात्री एक जादा पहारेकरी जागा राहील. दुसऱ्या व पाचव्या मजल्यावरील होज-रील बदलली. तिसऱ्यावरची फाटलेली आहे, ती पुढच्या महिन्यात येईल. गच्चीच्या दाराचे कुलूप आजपासून काढले आहे.' हिच्यात अलंकार नाही, पण प्रत्येक वाक्याने माणसाच्या हातात काहीतरी दिले. विशेषतः जे अजून झालेले नाही तेही हिने सांगितले, आणि आमच्या मते चांगल्या सूचनेची खरी कसोटी तीच.

यावर चिटणीस मंडळी म्हणतात, फाटलेल्या होज-रीलची जाहिरात केली तर लोक घाबरतील, जागेचा भाव उतरेल. चिटणिसांबद्दल आम्हांला सहानुभूती आहे. बिनपगारी काम, आणि वर बोलणी खावयाची. पण भाव उतरेल म्हणून रीलची बातमी लपवली तर रील शिवली जात नाही. उलट, ती तिसऱ्या मजल्यावरच्यांना माहीत झाली म्हणजे पुढच्या महिन्यात 'आली काय हो?' असे विचारणारी चार माणसे तयार होतात, आणि वर्गणीला होणारा विरोधही बराच निवळतो. पैसे कशाला हवेत हे डोळ्यांनी दिसले की आपला मध्यमवर्गीय माणूस कुरकुरत का होईना, देतो.

लोक फलक वाचत नाहीत, हा दुसरा आक्षेप. तो खरा आहे. म्हणून एकदा सर्वांना जिन्याने चालवून आणावे. १४ एप्रिल हा आपल्याकडे अग्निशमन सेवा दिन. १९४४ साली त्या दिवशी मुंबई बंदरातल्या जहाजावरील आगीशी झुंजताना अग्निशमन दलाचे जवान स्फोटात कामास आले, त्यांच्या स्मरणाचा. त्या आठवड्यात जवळच्या केंद्रावर विनंती केली तर प्रात्यक्षिक दाखवायला माणसे मिळण्यासारखी असतात. त्या वेळी हेही विचारून घ्यावे की आग तळाशी, गाड्यांच्या जागेत लागली आणि जिनाच धुराने भरला तर वरच्यांनी काय करावे. ६ ऑक्टोबर २०२३ रोजी पहाटे गोरेगावला अशीच आग खालून लागली, गाड्या पेटल्या आणि धूर वर चढला. किमान सातजण प्राणास मुकले. 'खाली पळा' ही सूचना अशा वेळी घातक ठरते. प्रत्येक इमारतीचे उत्तर वेगळे, आणि ते ती इमारत पाहणाऱ्या जाणकारानेच द्यावयाचे.

शेवटी, रहिवासी म्हणजे कोण? सोसायटीच्या दप्तरी सभासद असतो. रात्री इमारतीत झोपणारे पुष्कळजण सभासद नसतात. भाडेकरू असतात, शिकायला आलेली मुले असतात, आजारी माणसाजवळ राहणारी बाई असते, जिन्याखाली झोपणारा पहारेकरी असतो, आणि त्याला कदाचित मराठी वाचता येत नाही. सूचना राहणाऱ्यांना समजेल अशा रूपात असावी, असे ग्रेनफेलच्या पहिल्या अहवालातच म्हटले आहे. त्या इमारतीत अपंग रहिवासी सदतीस होते. त्यांतले पंधरा मेले. ज्यांना जिना उतरवत नाही त्यांची सुटका कशी करावी, याची आखणी आधीपासून करावी अशी शिफारस त्याच अहवालात होती, आणि त्यासंबंधीचे नियम व्हायला तिकडेही २०२५ साल उजाडले. आपल्याला तितके थांबण्याचे कारण नाही. पाचव्या मजल्यावरच्या आजोबांना जिना उतरवत नाही, हे शेजारच्या बाईंना आजही ठाऊक असते. ते एका वहीत, घराच्या क्रमांकासह आणि त्यांच्या संमतीने, लिहून ती वही दाराशी पहारेकऱ्याजवळ ठेवावी, आणि बंब येताच ती प्रथम जवानांच्या हाती द्यावयाची, हे त्याला त्याच्या भाषेत सांगून ठेवावे.