जी पुस्तकं जळली नाहीत

(सुवर्णमहोत्सवी स्नेहसंमेलनात दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी फोनवर विषय विचारला, तेव्हा मी म्हटलं, 'आयर्लंडमधल्या प्रेस्बिटेरियन चर्चची जुनी दप्तरं.' पलीकडे जरा शांतता. मग आवाज आला, 'बरं. जेवणाच्या आधी ठेवतो, म्हणजे कुणी झोपणार नाही.' तेव्हा भूक लागलेल्या श्रोत्यांनो, मी फार वेळ घेणार नाही.

1975 साली दहावीची पहिली परीक्षा दिलेली आपली तुकडी. पुढे कोण कुठे, कोण कुठे गेलं. मी लग्नानंतर बेलफास्टला गेले. तिथल्या एका रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात बावीस वर्षं फाइली लावल्या. डॉक्टरांची अक्षरं वाचून वाचून डोळ्यांना अशी सवय झाली, की कुठलंही गिचमिड अक्षर दिसलं की मी चष्मा पुसून बसतेच. निवृत्तीनंतर ही सवय कामी आली ती आमच्या शेजारणीमुळे.

त्या तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांच्या. मुलं कॅनडात. एके दिवशी चहाला बोलावलं आणि टेबलावर एक कागद ठेवला. त्यांच्या आजीचा 1886 सालचा लग्नाचा दाखला. तिकडच्या दाखल्यावर वर आणि वधू दोघांच्याही वडिलांचं नाव आणि व्यवसाय लिहितात. आजीच्या वडिलांच्या रकान्यात नुसती आडवी रेघ होती. 'आजी अनाथ होती, तिला मार्गारेट मावशीनं वाढवलं, असं आम्हाला सांगायचे. पण अनाथ मुलीलासुद्धा बापाचं नाव असतंच ना? मी जायच्या आत मला ते कळायला हवं,' त्या म्हणाल्या. (मार्गारेट हे नाव मी बदललेलं आहे.)

मला वाटलं, महिन्याभराचं काम. लागली दोन वर्षं. का लागली, ते सांगते.

आयर्लंडमध्ये पूर्वज शोधणाऱ्याची गाडी एका तारखेला येऊन अडते: 30 जून 1922. डब्लिनमध्ये यादवी युद्ध पेटलं होतं. 'फोर कोर्ट्स' या न्यायालयाच्या इमारतीत बंडखोर शिरले होते आणि सरकारी तोफा त्यांच्यावर चालल्या होत्या. त्याच आवारात सरकारी अभिलेखागार होतं. स्फोट झाला, आग लागली, आणि शतकानुशतकांची दप्तरं गेली. जळके कागद शहरभर उडत होते म्हणतात. 1821 ते 1851 च्या जनगणना जवळजवळ सगळ्या त्यात गेल्या. 1861 आणि 1871 च्या तर सरकारनं आधीच स्वतःच्या हातानं नष्ट केल्या होत्या, आणि 1881 व 1891 च्या पहिल्या महायुद्धात कागदाच्या टंचाईत लगदा करायला दिल्या. म्हणजे आज पूर्ण हाती लागते ती पहिली जनगणना 1901 ची. तिच्याआधी सगळा अंधार.

इथं एक गंमत सांगायचा मोह होतो. 1909 पासून सत्तरी ओलांडलेल्यांना पेन्शन सुरू झाली. जन्माची सरकारी नोंद सुरू झाली 1864 ला, त्यामुळे म्हाताऱ्यांकडे वयाचा पुरावाच नाही. मग 1841 आणि 1851 च्या जनगणनेत त्यांचं बालपणीचं नाव शोधून कारकून चिठ्ठी लिहायचे. मूळ जनगणना जळाली, पण त्या चिठ्ठ्यांपैकी बऱ्याच उरल्या. आणि 1901 व 1911 ची जनगणना शेजारी ठेवून पाहा, दहा वर्षांत कितीतरी माणसं पंधरा-पंधरा वर्षांनी म्हातारी झालेली दिसतात! माणसं सगळीकडे सारखीच.

आता प्रेस्बिटेरियन कोण? सतराव्या शतकात स्कॉटलंडहून उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे अल्स्टरमध्ये, हजारो शेतकरी येऊन वसले. त्यांच्या पंथात बिशप नाही. प्रत्येक मंडळीचा कारभार पाळक आणि निवडलेले वडीलधारे मिळून चालवतात. राजाचं अधिकृत चर्च वेगळं, अँग्लिकन, 'चर्च ऑफ आयर्लंड'. त्यामुळे हे लोक प्रोटेस्टंट असूनही दुय्यम. 1704 च्या कायद्यानं त्यांना सरकारी हुद्दे बंद झाले. कुळांचे खंडही चढत गेले, आणि 1718 मध्ये अघाडोवीचे पाळक जेम्स मॅकग्रेगर आपली माणसं घेऊन अमेरिकेला निघून गेले. त्यांच्यातल्या पाळकानं लावलेली सगळीच लग्नं कायद्यानं निर्विवाद व्हायला 1845 उजाडावं लागलं.

आणि याच दुय्यमपणानं त्यांची दप्तरं वाचवली. चर्च ऑफ आयर्लंडची जुनी रजिस्टरं सरकारी दस्तऐवज ठरली होती, म्हणून सुमारे हजार पॅरिशांची रजिस्टरं सुरक्षित राहावीत म्हणून डब्लिनला नेऊन ठेवली, आणि ती जळाली. प्रेस्बिटेरियनांची पुस्तकं कुणी मागितलीच नाहीत. ती खेड्यातल्या पाळकाच्या कपाटात, कुठे एखाद्या वडीलधाऱ्याच्या माळ्यावर पडून राहिली. उंदरांनी खाल्ली, ओल लागली, काही पाळक बदलून जाताना घेऊन गेले. पण तोफेच्या तोंडी नाही गेली. 1819 मध्ये त्यांच्या सिनॉडनं सगळ्या मंडळ्यांना बाप्तिस्मा आणि लग्नाची नोंद ठेवायला सांगितलं, तेव्हापासून बऱ्याच ठिकाणी नोंदी सापडतात. आज त्यांतल्या बहुतेकांच्या मायक्रोफिल्म बेलफास्टच्या सरकारी अभिलेखागारात मिळतात. टायटॅनिक जहाज बांधलं त्या गोदीच्या भागात त्याची इमारत आहे. माझं तिथं एक ठरलेलं टेबल झालं होतं.

आपण नाशिकची माणसं, आपल्याला वह्यांचं अप्रूप नाही. रामकुंडावर गुरुजींना गाव आणि आडनाव सांगितलं की ते बाड उघडतात आणि सात पिढ्या वाचून दाखवतात. मला वाटलं, तसंच असेल. तसं नाही. तिथं आधी गाव म्हणजे 'टाउनलँड' हुडकायचं, आपल्या मौजासारखं. आयर्लंडमध्ये अशी 60,000 हून जास्त आहेत, आणि स्पेलिंग प्रत्येक लिहिणाऱ्याचं निराळं. मग मंडळी हुडकायची. एकाच छोट्या गावात 'फर्स्ट', 'सेकंड' अशा दोन-दोन, तीन-तीन मंडळ्या. भांडून वेगळ्या झालेल्या, 1840 मध्ये त्यांतल्या मोठ्या दोन गटांनी दिलजमाई केली, तरी इमारती वेगळ्याच राहिल्या. (त्या दिलजमाईच्या सभेतच भारतात मिशनरी पाठवायचं ठरलं. ते काठियावाडात राजकोटला गेले, तेही मुंबईच्या डॉ. जॉन विल्सन यांच्या सल्ल्यानं. हे वाचलं तेव्हा त्या परक्या दप्तरात मला एकदम ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं.)

शिवाय नावं तीच ती. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, पहिल्या मुलीला आईच्या आईचं. रीत कळली की ती उपयोगी पडते, पण चार भावांनी चार थोरल्यांना एकच नाव ठेवलं की एका टाउनलँडमध्ये चार जॉन. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, त्यामुळे हा घोळ मला नवा नव्हता.

आजीचा लग्नाच्या वेळचा पत्ता दाखल्यावर होता, काउंटी अँट्रिममधलं एक टाउनलँड. मी जवळच्या 'फर्स्ट' मंडळीची फिल्म आठ महिने पालथी घातली. काही नाही. जन्माची सरकारी नोंदही नाही, कारण आजीचा जन्म 1864 च्या आधीचा. मग कुणीतरी सुचवलं, लोक जवळच्याच चर्चला जातात असं कुणी सांगितलं? तीन मैलांवरच्या 'सेकंड' मंडळीत बघ.

तिथं ती सापडली. मुलीचं नाव. आईचं नाव मार्गारेट, माहेरच्या आडनावासकट. बापाचा रकाना कोरा. जन्म ऑक्टोबर 1863. बाप्तिस्मा मे 1864.

मावशी हीच आई होती.

मला मात्र खटकल्या त्या दोन तारखा. त्याच पानावरची बाकी मुलं महिना-दीड महिन्यात बाप्तिस्म्याला आलेली. हिलाच सात महिने का लागले? याचं उत्तर रजिस्टरात नसतं. ते असतं 'कर्क सेशन'च्या इतिवृत्तात. कर्क सेशन म्हणजे पाळक आणि वडीलधाऱ्यांची पंचायत. कोण दारू पिऊन आलं, कुणी मापात खोट केली, कुणाला लग्नाआधी मूल झालं, सगळ्याचा निवाडा तिथं व्हायचा आणि तारीखवार लिहिला जायचा. ते पुस्तक फिल्मवर नव्हतं, मंडळीकडेच होतं. तिथल्या पाळकबाईंना पत्र लिहिलं, शेजारणीची सही जोडली. त्यांनी एका मंगळवारी बोलावलं, चहा दिला, पुस्तक समोर ठेवलं आणि दार ओढून घेऊन गेल्या.

जानेवारीत मार्गारेटला पंचायतीपुढे उभं केलेलं आहे. तिनं बापाचं नाव सांगितलं. त्याला दोनदा बोलावलं, तो आला नाही. तिसऱ्यांदा आला आणि नाही म्हणाला. एप्रिलच्या नोंदीत एवढंच आहे, की तो मंडळीचा दाखला न घेता अमेरिकेला गेला. नंतर मार्गारेटला वडीलधाऱ्यांसमोर खडसावलं, तिनं पश्चात्ताप व्यक्त केला, तिला पुन्हा मंडळीत घेतलं. मग मुलीचा बाप्तिस्मा. चार महिन्यांच्या या सगळ्या प्रकरणाला पुस्तकात मिळून पान-दीड पान जागा. तिचं म्हणणं तिच्या शब्दांत एकदाही नाही. अक्षर मात्र फार सुंदर होतं. त्याचाच मला राग आला.

त्यानंतर तीन आठवडे मी शेजारणीकडे गेले नाही. गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं. खरं म्हणजे मला कळत नव्हतं, सत्त्याऐंशी, नव्हे एव्हाना एकोणनव्वद वर्षांच्या बाईला हे सांगावं का. त्यांच्या आईनं, आजीनं जे झाकून ठेवलं ते मी, नाशिकहून आलेल्या बाईनं, का उघडायचं? ह्यांना विचारलं तर म्हणाले, 'तिनं तुला शोधायला सांगितलं होतं, निवडायला नाही.' मला ते पटलं नाही, पण उत्तरही सुचलं नाही.

त्या दिवसांत मी उरलेली पुस्तकं वाचत बसले. प्रभुभोजनाला बसणाऱ्यांची यादी वेगळी असते. त्याआधी वडीलधारे घरोघर जाऊन शिशाची छोटी टोकनं द्यायचे. टोकन नाही तर पंगतीत जागा नाही. त्या यादीत मार्गारेटचं नाव 1864 च्या शरद ऋतूपासून आहे. 1870 मध्ये आहे. 1880 मध्ये आहे. बाकांच्या भाड्याचं पुस्तक असायचं, प्रत्येक कुटुंब आपल्या बाकाचे पैसे भरायचं. आधी तिथं तिच्या भावाचं नाव, तो गेल्यावर तिचं स्वतःचं. बाक क्रमांक चौदा. 1908 मध्ये नावापुढे 'मृत' अशी नोंद. ज्यांनी तिला उभं केलं होतं, ते वडीलधारे एकेक करून यादीतून गेलेले, आणि ही चाळीसहून जास्त वर्षं तिथंच.

हे सगळं एका कागदावर तारखेनिशी लिहिलं आणि गेले. बाईंनी वाचायला वेळ घेतला. बापाच्या नावावर बोट ठेवलं, ज्यासाठी एवढा खटाटोप केला होता. तिथं काही बोलल्या नाहीत. मग भाड्याच्या पुस्तकातल्या ओळी पुन्हा वाचल्या आणि म्हणाल्या, 'म्हणजे पळाला तो. ही नाही पळाली.' नंतर अगदी बारीक आवाजात, 'आणि आजी तिला मरेपर्यंत मावशीच म्हणत होती.' त्या रडल्या. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

मधल्या काळात मी इथं आले होते, तेव्हा रामकुंडावर जाऊन आमची वही उघडायला सांगितली. पणजोबा, खापरपणजोबा, सगळे स्वतःच्या सह्यांनिशी हजर. पणजीचं नुसतं नाव, भागीरथी. माहेर कुठलं, आडनाव काय, काही नाही. गुरुजी म्हणाले, त्यांच्या माहेरच्या वहीत त्या असतील. पण माहेर कळल्याशिवाय ती वही कुठली मागायची? त्या मार्गारेटचा अपमान लिहून ठेवणाऱ्या पुस्तकानं तिचं माहेरचं आडनाव मात्र लिहून ठेवलं होतं. तुमच्यापैकी कुणाच्या घरी कुलवृत्तांत असेल, तर आज घरी गेल्यावर जरूर पाहा, आणि कऱ्ह्याकाठच्या कुठल्या भागीरथीचा माग लागला तर मला कळवा.

शेवटी बाईंना मार्गारेटची कबर पाहायची होती. ती काही सापडली नाही. त्या मंडळ्या दफनाची नोंद फारशी ठेवत नसत, माणसं बहुधा जुन्या पॅरिश दफनभूमीत पुरली जायची, आणि गरिबाच्या कबरीवर दगड नसायचा. म्हणून मग त्यांना त्या चर्चमध्येच घेऊन गेले. पाळकबाईंनी कुलूप उघडून दिलं. बाकांच्या छोट्या दारांवर आकडे अजून रंगवलेले आहेत. चौदा नंबर डाव्या बाजूला, मागच्या दाराजवळ. बाई काठी टेकत आत सरकल्या, बसल्या, मला शेजारी बसवलं. कोटाची कॉलर वर केली.

'इथं वारा फार लागतो गं,' त्या म्हणाल्या. 'चाळीस वर्षं बसली ही इथं.'