चिखलातली पिकअप आणि अडलेला माल
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आज भावाचे बोलण्याआधी मी चिखलाचे बोलणार आहे. हसू नका. माल रानात अडला की त्याचा भाव दुसराच कोणीतरी ठरवतो. गाडी रुतलेली पाहून व्यापारी बांधावर येतो, "इथूनच उचलतो" म्हणतो आणि क्विंटलमागे कापून घेतो. हा चिखलाचा कर आहे आणि तो आपण दरवर्षी मुकाट्याने भरतो.

फोर बाय फोर गाडी घेण्याइतका पैसा आपल्याकडे नाही. असला तरी वर्षातल्या पंधरा-वीस दिवसांसाठी ती हिशेबात बसत नाही. तेव्हा दोन चाकांनी ओढणारी साधी पिकअपच तयार केली पाहिजे.

आधी जमीन ओळखा. सुपे-मोरगावकडच्या मुरमाड माळावर पाऊस उघडला की लवकर गाडी चालते. नीरा-भीमेकडची काळी जमीन मात्र पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचा भरते, आणि चाकाचा गुळगुळीत गोळा होतो. त्यात आपला भरवशाचा पाऊस परतीचा. कापसाची वेचणी आणि मालदांडीची पेरणी त्याच दिवसांत येते.

पिकअपची ताकद मागच्या चाकांत असते. रिकाम्या गाडीचा मागचा भाग हलका, म्हणून ती भरलेल्या गाडीआधी घसरते. डिफरन्शियलचा स्वभाव असा की जे चाक सैल, तेच फिरते. दुसरे नुसते बसून राहते. एवढे समजले की उपाय स्वस्तात होतात.

पहिला उपाय टायर. पैसे थोडे असतील तर मागे दोन खोल नक्षीचे टायर घाला. झिजलेल्या टायरला दुसरा कोणताच उपाय चालत नाही.

दुसरा उपाय वजन. सहा-सात पोत्यांत मुरूम भरा आणि मागच्या एक्सलच्या वर घट्ट बांधा. चाक रुतले तर तोच मुरूम चाकापुढे ओता. एकाच पोत्याची दोन कामे होतात.

तिसरा उपाय काथ्याचा जाड दोर. रिमच्या भोकांतून घेऊन टायरभोवती चार-पाच ठिकाणी आवळा. ब्रेकच्या नळीला तो लागत नाही ना, हे हाताने चाक फिरवून पाहा. चालण्याच्या वेगानेच जा आणि डांबरीवर येताच दोर सोडा.

चौथे, मागच्या टायरची हवा थोडी कमी केली तर चाक पसरते. पण हे फक्त रिकाम्या गाडीला. माल भरण्याआधी पायपंपाने हवा पुन्हा भरा.

गाडीत फावडे, दोन फळ्या आणि जॅकखाली ठेवायला रुंद लाकूड कायम असू द्या. लाकडाशिवाय जॅकच मातीत जातो.

रुतल्यावर रेस वाढवू नका. चाक जितके फिरेल तितका खड्डा खोल होतो. मडगार्डमधला चिखल काढा, चाकापुढे पऱ्हाट्या किंवा पाचट टाका आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू उचला. एकच चाक फिरत असेल तर हँडब्रेक दोन-तीन दाते ओढा. अडकलेल्या चाकाकडे थोडी ताकद जाते. पुढे जमत नसेल तर आलेल्या चाकोरीतूनच मागे या.

ओढून काढताना मात्र सावध राहा. माझ्यासमोर ट्रॅक्टरचा दोर तुटला आणि त्याचा हुक पिकअपच्या काचेतून आत गेला. ड्रायव्हर नुकताच खाली उतरला होता म्हणून वाचला. ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणीही उभे राहू नये, पोरांना तर लांबच ठेवा. आणि वाहत्या ओढ्यात गाडी घालू नका. मे २०२५ मध्ये बारामती-इंदापुरात मुसळधार पाऊस झाला, नीरा डावा कालवा फुटला. पाण्याचा जोर आपण पाहिला आहे. कापसाची गाडी उद्याही नेता येते.

शेतीचा माणूस म्हणून एक सांगतो. पेरणीला आपण वाफशाची वाट पाहतो, तशी गाडीलाही पाहावी. ओल्या रानातून गाडी गेली की चाकोरीखालची माती दाबली जाते आणि ज्वारीच्या मुळ्या तिथे अडतात. म्हणून गाडी बांधाकडेच्या एकाच वाटेने न्या आणि उन्हाळ्यात त्या वाटेवर मुरूम टाका.

शेवटी खरी गोष्ट. दोर आणि पोती ही तात्पुरती मलमपट्टी आहे, औषध म्हणजे रस्ता. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ प्रमाणे शेतात जाण्यासाठी बांधावरून वाट मागता येते. अर्ज तहसीलदाराकडे करायचा. असलेली वाट कोणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली दाद मागता येते, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. २०२१ साली सरकारने पाणंद रस्त्यांसाठी मातोश्रींच्या नावाने योजनाही काढली. कागदावरची पाणंद आपोआप रानात येत नाही.

तेव्हा गावी गेल्यावर दोन कामे करा. गाडीत मुरमाची पोती ठेवा आणि अडलेल्या प्रत्येक वाटेची यादी गटनंबरासह पुढच्या बैठकीला आणा. एकट्याचा अर्ज फायलीत रुततो. सगळ्या गावाने मिळून ओढला तर तो बाहेर निघेल.