रोग्याच्या उशाशीं एक वही

(मानकोली, तालुका भिवंडी, येथें जमलेल्या शेतकरी व कारागीर मंडळींपुढें एका सेवानिवृत्त परिचारिकाबाईंनीं केलेलें भाषण)



शुश्रूषा, लिहिणें आणि म्हातारपण या तीन गोष्टींवर बोला, असें तुम्हीं मला सांगितलें. गोष्टी तीन दिसतात, पण माझ्या मतें विषय एकच आहे. जो रोग्याजवळ बसतो त्यानें लिहिलें पाहिजे, आणि ज्याच्या घरीं म्हातारें माणूस आहे त्यानें आजपासूनच लिहिलें पाहिजे. मी कांहीं पंडिता नव्हे. सरकारी दवाखान्यांत नोकरी केली, ५८ व्या वर्षीं घरीं बसलें, आणि आतां माझेच गुडघे मला नांवें ठेवितात.

नर्सचें काम म्हणजे घाण काढण्याचें काम, असा समज आमच्या लोकांत फार दिवस होता. तो अजून पुरता गेलेला नाहीं. लग्नाच्या बाजारांत तर नर्समुलीची गोष्टच काढूं नये! पण मौज पहा, आजारी पडल्यावर त्याच मंडळींना पहिल्यानें नर्स हवी असते. मुंबईस १८९१ सालीं काशीबाई गणपत नांवाची बाई हें काम शिकावयास गेली. शिकून तयार झालेल्या पहिल्या हिंदी परिचारिकांत तिचें नांव घेतलें जातें. तिला त्या काळीं शेजारीपाजारी काय म्हणाले असतील, याचा लेकीसुनांनीं विचार करावा.

विलायतेंतील फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईचें नांव तुम्हीं ऐकलें असेल. रात्रीं दिवा घेऊन फिरणारी बाई, एवढेंच चित्र आपल्यापुढें असतें. पण तिच्या हातांत दिव्याइतकीच लेखणीही होती. १८५४ सालीं ती क्रिमियाच्या लढाईंतील शिपायांच्या शुश्रूषेला गेली, आणि किती मेले व कशानें मेले हें तिनें पुढें मांडून दाखविलें. जखमांनीं मेले त्यांहून कितीतरी अधिक शिपाई पटकी, हगवण आणि ताप यांनीं मेले होते. नंतर ती स्वतःच अंथरुणाला खिळली, तरी पडल्यापडल्या हिंदुस्थानच्या पाण्यागटारांविषयीं लिहीत राहिली. १९१० सालीं ती ९० व्या वर्षीं वारली.

पण इतकें दूर कशाला जावें? पुण्याची गोष्ट घ्या. जोतीराव फुल्यांना १८८८ सालीं अर्धांगवायूचा झटका आला व उजवी बाजू लुळी पडली. लिहिणारा हातच गेला! जोतीराव डाव्या हातानें लिहूं लागले, आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांनीं तसें पुरें केलें. औषधपाणी डॉ. विश्राम रामजी घोले यांचें होतें. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं जोतीराव वारले आणि १८९१ त पुस्तक छापून निघालें. हें सारें इतिहासांत आहे. पण मी पडलें नर्स, मला त्यांत दुसरेंच दिसतें. अर्धांगाच्या माणसाला पाणी पाजतांना ठसका लागतो. त्याची कूस बदलावी लागते, त्याला धरून बसतें करावें लागतें, पाठीशीं उशी लावावी लागते, लुळा हात नीट ठेवावा लागतो. तेव्हां कुठें तो दुसऱ्या हातांत लेखणी धरतो. असलें काम पुस्तकांत लिहिलें जात नाहीं.

त्याच घरांतल्या सावित्रीबाई. त्यांच्या कवितांचें पुस्तक १८५४ त निघालें होतें. १८७७ च्या दुष्काळांत जुन्नरकडील ओतूरहून त्यांनीं जोतीरावांना पत्र लिहिलें, तें आजही वाचावयास मिळतें; म्हणून तेव्हां गोरगरिबांवर काय गुदरलें तें आपणांस कळतें. १८९७ सालीं पुण्यास प्लेग आला. मुलगा यशवंत डॉक्टर होता. हडपसरजवळ ससाणे मळ्यांत दवाखाना घातला, आणि ६६ वर्षांच्या सावित्रीबाई रोगी आणूं लागल्या. मुंढव्याच्या एका मुलाला पाठीवर घालून आणतांना त्यांना प्लेग लागला असें सांगतात. १० मार्चला त्या गेल्या. आणि आम्हांला साठी उलटली कीं लोक म्हणतात, आजीबाई, आतां देवाचें नांव घेत बसा!

आतां आपल्या गांवाकडे येतें. भाताचीं शेतें गेलीं, गोदामें आलीं. मोठागांवचा पूल खुला झाला आणि डोंबिवलीचा डॉक्टर जवळ आला. चांगलें झालें. पण डॉक्टर रोग्याला घटकाभर पहातो. बाकीचा दिवस व सबंध रात्र रोगी तुमच्याजवळ असतो.

नोकरींत असतांना एका घरीं मला बोलावणें आलें. म्हातारबोवांना मधुमेह. सकाळीं थोरल्या सुनेनें गोळी दिली व ती कामाला गेली. राहिली असेल म्हणून धाकटीनें पुन्हां दिली. त्या दिवशीं त्यांना जेवण गेलें नव्हतें. दुपारीं अंग घामानें भिजलें, हात कांपूं लागले, बोलणें भलतेंच झालें. घरच्यांनीं बाहेरची बाधा ठरविली आणि भगताकडे माणूस धांवलें. म्हातारे शुद्धीवर होते, गिळतां येत होतें, म्हणून मीं साखरेचें पाणी पाजलें व गाडी करून दवाखान्यांत नेलें. (बेशुद्ध माणसाच्या तोंडांत मात्र कांहींएक घालूं नये, तें श्वासांत जातें.) म्हातारे वांचले. दोन्ही सुना भल्या, दोघींनीं सेवाच केली होती. नव्हती ती फक्त एक वही.

शाळेच्या पोराची साधी वही पुरे. तारीख, वेळ, कोणती गोळी दिली, कोणीं दिली. काय खाल्लें, किती पाणी प्यालें, लघवी व शौच झालें कीं नाहीं, ताप होता काय. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनीं बदलावी व ती वेळही लिहावी. माकडहाड, खुबे, टांचा रोज पहाव्या. लाल डाग दिसला व बोटानें दाबून सोडल्यावरही फिका पडला नाहीं, तर ती शेजव्रणाची सुरुवात समजावी, त्या अंगावर निजवूं नये व दवाखान्यांत दाखवावें. आशाताई मोबाईलवर नोंद करतात, ती सरकारची. ही घरची.

आणखी एक. मीं घरोघर हिंडून नोंदी केल्या आहेत. म्हाताऱ्या बाईला विचारावें, बाई, मुलें किती झालीं? ती आधीं जिवंत असलेलीं सांगते. थोड्या वेळानें हळूच म्हणते, आणखी तीन होतीं. कशानें गेलीं? तापानें. कोणता ताप, किती दिवस, अंगावर पुरळ होतें काय, हें सांगावयास आतां कोणी उरलेलें नाहीं. ज्या आज्यांना लिहितां येत नाहीं त्यांनीं नातवंडांना जवळ बसवून सांगावें: कोणतें औषध सोसत नाहीं, कोणती शस्त्रक्रिया झाली, बाळंतपणांत काय अडलें. तुमच्या सुनेच्या बाळंतपणांत डॉक्टर हेंच विचारतील.

माझा हात हल्लीं कांपतो, अक्षर वेडेंवांकडें येतें. तरी येत्या रविवारीं दुपारचीं जेवणें आटोपल्यावर ज्यांना यावयाचें असेल त्यांनीं एक कोरी वही व घरांतील गोळ्यांचीं सगळीं पाकिटें घेऊन येथेंच यावें. पहिलें पान मी लिहून देईन. चष्मा घेऊन येतें.