फिरता दांडा माणसे मोजत नाही

(सक्करदरा, नागपूर येथील कामगार अभ्यासवर्गातील भाषण)



पिठाची चक्की, मसाल्याचे कांडप, लेथचे दुकान, रसवंतीचा चरक ही सक्करदऱ्यासारख्या वस्तीतील रोजच्या पाहण्यातली यंत्रे. त्यांचे पट्टे आणि पुल्या पुष्कळदा उघड्याच फिरत असतात. एखाद्या बाईचा पदर किंवा पोऱ्याची बाही त्यांत सापडली, हात गेला, की ‘निष्काळजीपणामुळे अपघात’ एवढी नोंद होते. निष्काळजीपणा कोणाचा, हे मात्र कोणी विचारीत नाही.

याचे उत्तर साध्या गणितात आहे. सर्वसाधारण विजेची मोटार मिनिटाला सुमारे १४४० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला २४. तिला थेट जोडलेला पाच सेंटिमीटर व्यासाचा दांडा पाव सेकंदात सुमारे ९४ सेंटिमीटर कापड गुंडाळून घेतो. धोका जाणवून हात मागे घ्यायला माणसाला निदान तेवढा वेळ लागतोच. अशा दांड्यापुढे ‘सावध राहा’ ही पाटी काय कामाची? तेथे हात पोचूच न देणारी जाळी हवी.

हे ज्ञान नवे नाही. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्यातच धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद होती. परंतु तो कायदा शंभर कामगारांच्या कारखान्यांनाच लागू होता. वर्षात चार महिन्यांहून कमी चालणारे कारखानेही त्यातून वगळलेले होते. म्हणजे १८७७ साली नागपुरात सुरू झालेली एम्प्रेस मिल कायद्याच्या कक्षेत आली, पण कापसाच्या हंगामापुरत्या चालणाऱ्या जिनिंगची सुटका झाली. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या सुमारे साडेपाच हजार गिरणी कामगारांनी सह्या करून निवेदन दिले. कामावर जायबंदी झालेल्यास बरा होईपर्यंत मजुरी आणि कायमचा अपंग झाल्यास निर्वाहाची सोय, ही त्यातील एक मागणी होती.

पुढे संघर्षाने कायद्याची कक्षा रुंदावत गेली. शंभरांची अट १८९१ मध्ये पन्नासांवर, १९२२ मध्ये विसांवर आणि १९४८ च्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्यांसाठी दहांवर आली. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहितेने ‘कारखाना’ ठरण्याची ही मर्यादा पुन्हा विसांवर नेली. दहा ते एकोणीस कामगारांच्या जागांना सर्वसाधारण कर्तव्ये लागू राहिली, हे खरे. पण कारखाना म्हणून असलेले संरक्षण गेले. चार माणसांची चक्की तर आधीही बाहेरच होती. अनेक दशके चाललेली वाटचाल उलटी फिरली, हा या आकड्यांचा अर्थ आहे.

लहान मालकाला तपासनीसाचा जाच होतो, ही तक्रार निराधार नाही. पण जाळीचा खर्च मालकाचा आणि बोटांचा खर्च मजुराचा, अशी वाटणी असेल तर जाळी कधीच बसणार नाही. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत अंगठा गेल्यास कमाईची शक्ती ३० टक्के, चार बोटे गेल्यास ५० टक्के घटल्याचे धरले होते. त्याच कायद्यात, मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व नसेल तर, मजुराने संरक्षक साधन जाणूनबुजून काढल्याचे दाखवून भरपाई टाळण्याची वाट मालकाला होती. मजूर जाळी का काढतो? नगावर मजुरी असते आणि यंत्र थांबवून सफाई केल्यास मजुरी बुडते म्हणून. दराने जे काढायला लावले, त्याचा दोष काढणाऱ्याच्या माथी मारला गेला.

यावर मार्ग आहे. १९४८ च्या कायद्याच्या २६ व्या कलमाने कारखान्यासाठी असुरक्षित यंत्र विकणाऱ्यालाही जबाबदार धरले होते. मळणी यंत्रांत हात तुटू लागल्यावर संसदेने १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा केला आणि उत्पादकावर बंधने घातली. तेच तत्त्व प्रत्येक चक्कीला, चरकाला आणि लेथला लागू व्हावे. जाळीवाचून यंत्र विकलेच जाऊ नये. मग ते चालविणारे दोन असोत की दोनशे.

कार्यकर्त्यांनी या मागणीसाठी कायद्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. वस्तीतील प्रत्येक उघडा पट्टा नोंदवावा, मालकाशी बोलावे, सफाईचा वेळ मजुरीत धरण्याचा आग्रह धरावा, जखमी मजुराला भरपाईचा अर्ज लिहून द्यावा. संघटना मोठ्या गिरणीच्या फाटकावर उभी राहिली. आता तिने चक्कीच्या उंबरठ्यावरही उभे राहिले पाहिजे.